हिमयुगाची चूल

ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगितली नाही, याला कारण एकच. सांगायला घेतली की लोक हसतात, आणि लोक हसले की मीही हसतो. मग शेवटचा भाग सांगायचा राहून जातो. बायकोच्या माहेरी मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा चुलीपर्यंत येऊन थांबलो. मंडळी पोट धरून हसत होती, पुढचं कोणाला ऐकायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सांगायचं नव्हतं. आता वय झालं आहे. लिहिताना समोर कोणी हसत नाही, तेव्हा एकदा शेवटपर्यंत जाऊन बघतो.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी सुरतेतून जी माणसं पळाली, त्यात आम्हीही होतो. गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीला कुलूप लावलं आणि धुळ्याकडे गावी जाऊन बसलो. परत आलो तर पलसाण्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमधली माझी जागा गेली होती. मी तिथे रंगखात्यात होतो. पार्टी कापडाचा एक तुकडा पाठवायची आणि म्हणायची, हाच शेड पाहिजे. मग आम्ही चमचा-चमचा रंग घालून तो शेड उतरवायचा. आमचा मास्तर फक्त एकच प्रश्न विचारायचा, “मॅच?” आणि मी “मॅच” म्हटलं की तो तुकडा बघतही नसे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे हेच कामाला आलं, आणि हेच नडलंही.

काम गेलं तसा मी ओळखीच्या एका बोअरिंगवाल्याकडे लागलो. त्याच्याकडे एक दिवस कॉलेजातल्या एक बेन आल्या. तिशी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि राणी रंगाची ओढणी. धूळ उडाली की तीच ओढणी त्या नाकातोंडाला गुंडाळायच्या. त्यांना तापीच्या कडेला बोअर पाडून हवा होता. मालकाने विचारलं, “पाणी केटलुं जोईए?” बेन म्हणाल्या, “पाणी नको. माती हवी.” मालकाने माझ्याकडे बघितलं. सुरतेत मातीसाठी बोअर मारणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

बेन डॉक्टरकीसाठी अभ्यास करत होत्या. सुई टोचणारी डॉक्टरकी नाही, पुस्तकाची. तापीने हजारो वर्षं थरावर थर टाकलेला गाळ काढायचा, आणि तो वाचून हिमयुगात या मुलखात काय चाललं होतं ते सांगायचं, असं ते काम. माती मोडू द्यायची नाही. लोखंडी पाइप ठोकून आत उतरवायचा, वर काढायचा, आणि आतली मातीची कांडी हळूच लाकडी दांड्याने ढकलून उभ्या चिरलेल्या प्लास्टिकच्या पाइपात घ्यायची. मग प्लास्टिक गुंडाळायचं, वर माती किती खोल लागली तो आकडा घालायचा, आणि वरच्या बाजूला बाण काढायचा. त्या बाणासाठी बेन जीव टाकायच्या. “भाऊ, बाण?” “काढला बेन.” “बरोबर दिशेने?” “बेन, माती काय उलटी झोपणार आहे का?” बाकीचे गडी या असल्या कामाला कंटाळून शिव्या द्यायचे. माझा हात सावकाश चालणारा, म्हणून बेन मलाच मागून घ्यायच्या. सुरतेत आम्हा मराठी माणसांना सगळेच ‘भाऊ’ म्हणतात, पण बेनचं ‘भाऊ’ ऐकून भाऊबीज जवळ आल्यासारखं वाटायचं.

पहिले चार दिवस मी बर्फाची वाट बघत होतो. शेवटी विचारलं, “बेन, हिमयुग म्हणता, पण बर्फ तर कुठंच लागत नाही.”

बेन इतक्या हसल्या की ओढणी चिखलात पडली. “अरे भाऊ, इथे बरफ नव्हताच. तो दूर, पहाडांवर. दुनियेचं पाणी तिकडे जमून बसलं म्हणून दरिया मागे गेला. तेव्हा तुम्ही डुमसच्या किनाऱ्यावर उभे असता ना, तर दरिया दिसलाच नसता. दिवसच्या दिवस चालावं लागलं असतं. आणि इथे पाऊस कमी, नदी बारीक, नुसती धूळ.”

मग त्यांनी एक पिवळी कांडी दाखवली. तिच्यात चुनखडीचे खडे होते, साबुदाण्यापासून बोराएवढे. माती सुकत गेली की चुना असा गोळा होतो, म्हणाल्या. म्हणजे ती पिवळी माती हा दुष्काळ होता. खाली जावं तसा आमचा पाइप दुष्काळातून दुष्काळात जात होता.

आणि मग एक दिवस, त्या पिवळ्याच्या मधोमध, काळसर राखाडी चिकणमाती आली. दोन कांड्या, हातभर-हातभर लांब. लोण्यासारखी मऊ, आणि तिच्यात कागदाएवढ्या बारीक पिवळ्या रेघा. बेननी बोट लावलं आणि बोटाला लागलेली माती अंगठ्याने चोळून बघितली. मग हळूच म्हणाल्या, “भाऊ, इथे तळं होतं.”

“कधी?”

“सगळीकडे सूखा होता तेव्हा. मधेच काही वर्षं पाऊस आला असणार. कोणीच हे लिहिलेलं नाही.” त्यांनी वहीत शेड, मऊपणा, रेघा, सगळं टिपलं. मला वाटतं त्या दिवशी नदीकाठावर त्यांच्याइतकं सुखी कोणी नव्हतं. पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण या दोन कांड्यांवर उभं राहणार होतं, ते त्यांनी मला टेम्पोत बसल्या-बसल्या तीनदा सांगितलं.

काम संपलं ते अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी दोन दिवस. कॉलेजला सुट्ट्या लागलेल्या, आणि गोदामाच्या चाव्या घेऊन शिपाई गावी गेलेला. बेन म्हणाल्या, “भाऊ, तीन दिवस तुमच्या घरी ठेवा. सावलीत. कोणाला हात लावू देऊ नका.” मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. कांड्या पलंगाखाली सरकवल्या, काळ्या दोन सगळ्यात पुढे, म्हणजे माझी नजर राहील. आणि घरात कोणालाही काही न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघून गेलो.

इथे मला बायकोची बाजू मांडली पाहिजे. खान्देशात अखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. आमचीही जावयासह येणार होती. अखाजीला खापरावरचे पुरणाचे मांडे पाहिजेतच, आणि खापर म्हणजे पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं, ते काही स्टोव्हवर बसत नाही. त्याला रुंद तोंडाची मातीची चूल लागते. गच्चीवरची आमची जुनी चूल आम्ही गावी असताना फुटली होती. बायको पंधरा दिवस मला सांगत होती की चुलीला माती आणा. मी रोज माती काढत होतो आणि रोज रिकाम्या हाताने घरी येत होतो.

त्या दिवशी घरी आलो. गच्चीवर गेलो. नवी कोरी चूल उन्हात सुकत होती. आत विटा, वरून काळसर लिंपण, गुळगुळीत, देखणी. मी म्हटलं, “वा!” आणि मग लिंपणाचा तो शेड ओळखला.

“माटी कोठेन लयनी?” मी विचारलं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

“तुम्हीच त लयनात ना? पलंगना खाले ठेयेल व्हती,” बायको म्हणाली. “मी म्हन्तं, चला, एकदाव याद त उनी.”

“त्या बेननी माटी शे ती!”

“मंग बेननं नाव लिखेल व्हतं का त्यावर? आकडा व्हता. माले वाटनं दुकानना आकडा शे.”

“हजारो वरीसनी जुनी माटी शे!”

बायकोने चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “माटी ती माटी. तिले काय वय ऱ्हास का?”

बेनचं सगळं शास्त्र एका बाजूला आणि हा प्रश्न एका बाजूला. मी चूल फोडायला पुढे झालो, तर म्हणाली, शेण आणि भुसा घालून मळली आहे. म्हणजे संपलंच. पाटावर लाडवाएवढा एक गोळा तेवढा उरला होता, नुसत्या मातीचा. चुलीच्या कडेला भेग पडली तर बुजवायला म्हणून तिने ठेवला होता.

त्या गोळ्याकडे बघत मी बसलो, आणि हळूहळू माझ्या डोक्यात रंगखात्याचा माणूस जागा झाला. शहाण्या माणसाने सायकल काढून बेनचं घर गाठलं असतं. मी म्हटलं, नमुना हातात आहे, मग शेड उतरवायला किती वेळ लागतो?

अखाजीच्या दिवशी घरात पुरण शिजत होतं आणि मी गच्चीवर माती शिजवत होतो. खाडीच्या काठाची काळी माती आणली. ती फार काळी. पलीकडे इमारतीचा पाया खणत होते, तिथली पिवळी आणली. ती फार पिवळी. मग चमचा-चमचा. आमच्यात पद्धत अशी, रंग वापरण्याआधी कापडातून गाळून घ्यायचा, म्हणजे गाठ राहत नाही. मी घरातला पॉलिस्टरचा एक कटपीस घेतला, प्रोसेस हाऊसमधूनच आणलेला, राणी रंगाचा, आणि माती गाळून घेतली. माती कोणी गाळतं का? पण हाताला तीच सवय. शेड बघायचा तो उघड्या उजेडात आणि सुकल्यावर, ओला असताना नाही, हीही सवय. वैशाखाचं ऊन होतं, थापलेली माती अर्ध्या तासात सुकायची. पाचव्या वेळेला मूळ गोळा आणि माझी माती शेजारी ठेवली, आणि कुठे काय संपतं ते मलाच कळेना. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला भीती नव्हती. अभिमान होता. मास्तर तिथे असता तर म्हणाला असता, “मॅच?”

मग कांड्या वळल्या. आत पिवळ्या रेघा पाहिजेत, हे आठवलं. पिवळ्या मातीची भुकटी घालत, थर चढवत, मी नऊ रेघा बसवल्या. नऊच का? दहावीला भुकटी संपली. तेच प्लास्टिक, तोच आकडा, आणि बाण बरोबर वर.

जावई जिन्यात उभा राहून हे बघत होता. त्याने आमच्या लेकीला विचारलं म्हणे, “तुझे वडील बरे आहेत ना?”

दुसऱ्या दिवशी बेन टेम्पो घेऊन आल्या. आल्या तशा बायकोने त्यांना गच्चीवर नेलं, कारण मांडे सुरूच होते. बेन चुलीसमोर पाटावर बसल्या. बायको मांडा हातावर झुलवत मोठा मोठा करत नेऊन खापरावर टाकायची, आणि बेन लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायच्या. साजूक तूप घालून दोन मांडे खाल्ले. मग चुलीच्या कडेवर हात फिरवून म्हणाल्या, “केटली सरस चूल छे! ही माती कुठली?”

मी खोकलो. बायकोने मान वरसुद्धा केली नाही. “आमना घरनी,” म्हणाली.

हिमयुगाच्या तळ्यावर भाजलेली पुरणाची पोळी खाणारं माणूस जगात बेनशिवाय दुसरं नसेल, आणि ते त्यांना ठाऊकच नव्हतं. याच जागी मंडळी हसतात. मीही हसतो. पुढचं असं.

सुट्टीनंतर बेननी कांड्या उभ्या चिरल्या. मला मदतीला बोलावलं होतं. काळी कांडी उघडली. बेननी भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, “भाऊ, किती छान सांभाळली तुम्ही. जरा तडे गेलेत, गर्मीने.” मग सुईच्या टोकाने रेघा मोजल्या. “एक, दोन... नऊ. नऊ मोठे पूर आले या तळ्यात.” आणि वहीत लिहिलं, नऊ. दहावा पूर भुकटीअभावी आला नाही, हे फक्त मला माहीत होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. वहीतला एक आकडा खोडावा लागला असता, इतकंच. पण त्या इतक्या खुशीत होत्या. मी स्वतःला समजावलं, शेड तर तोच आहे ना, आणि तळं तर खरंच होतं ना.

वर्षभराने त्यांचं लिहून होत आलं. तपासणीसाठी बाहेरगावाहून एक मोठे सर आले. त्यांनी काळ्या मातीचा नमुना पाण्यात धुतला आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी बाहेर पॅसेजमध्ये पेट्या उचलायला उभा होतो. मग सरांचा आवाज आला, शांत, सावकाश, “बहन, आपके हिमयुग में साड़ियाँ बनती थीं क्या?”

दोरा सापडला होता. राणी रंगाचा, पॉलिस्टरचा, नखाएवढा.

सर काही दुष्ट नव्हते. ओरडलेसुद्धा नाहीत. ते एवढंच म्हणाले की या थरात बाहेरचं मिसळलं आहे, या मातीवर विश्वास ठेवता येत नाही, तळ्याचं प्रकरण काढून टाका. बेननी नंतर स्वतःच्या मेहनतीने दुसरा बोअर मारून घेतला, पहिल्यापासून थोडा लांब. त्यात पिवळंच लागलं, वरपासून खालपर्यंत. तळं लहान असतं. ते सगळीकडे थोडंच लागणार? पण ते म्हणायलाही आता बेनजवळ काही उरलं नव्हतं.

मी ठरवलं, आता सांगायचं. पुरावाही होता माझ्याकडे. तो लाडवाएवढा गोळा मी टाकला नव्हता. मूळ नमुना कधी टाकायचा नाही, ही रंगखात्याची शिस्त. पार्टी सहा महिन्यांनी भांडायला आली तर दाखवायचं काय? गोळा कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातला आणि कॉलेजवर गेलो. वाटेत वाक्यं घोकली, गुजरातीत, म्हणजे त्यांना नीट कळावं.

बेन टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. गळ्यात ओढणी नव्हती. मी त्यांना ओढणीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला बसवलं, आणि काचेच्या पट्टीवर ठेवलेला तो दोरा पुढे सरकवला. मग खणातून ओढणी काढून त्याच्या शेजारी ठेवली.

“जुओ भाऊ,” म्हणाल्या. “माझाच दोरा. हीच ओढणी तोंडाला बांधून मी माती कापत होते. तुम्ही रंगाची माणसं, तुम्हाला जास्त समजतं. सांगा, एकच रंग आहे ना?”

खिडकीतून चांगला उजेड येत होता. त्या उजेडात मी बघितलं. ओढणीचा राणी जांभळ्याकडे झुकत होता. दोऱ्याचा लालाकडे. दोन वेगळे रंग, दोन वेगळ्या कापडांचे. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. मला बघताक्षणीच दिसलं होतं. तीस बॅच मी या एवढ्याशा फरकासाठी परत पाठवल्या असतील.

“हो बेन,” मी म्हटलं. “मॅच आहे.”

रंगाच्या बाबतीत मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, ते हे.

बेननी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण हसण्याचा प्रयत्न करत होत्या. “भाऊ, तुम्ही एवढ्या उन्हात, एवढ्या जपून माती काढली. घरी सांभाळली. मी एका ओढणीने सगळं बिघडवलं. मला माफ करजो.”

त्यांनी हात जोडले. मी, गोळा खिशात असलेला माणूस, समोर बसलो होतो. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, “काही नाही बेन. होतं असं.” म्हणजे मी त्यांना माफ केलं. चहा आला, तो प्यालो, आणि उठून आलो.

पुढे त्यांना डॉक्टरकी मिळाली, तळ्याशिवाय. मी पेढे खायला गेलो, तेव्हाही गोळा खिशात होता, पण खोली माणसांनी भरली होती. त्यानंतर एकदा गेलो तर त्या जागी दुसरेच कोणी बसले होते. बेन दुसऱ्या राज्यात शिकवायला गेल्या म्हणे. पत्ता विचारला नाही. विचारला असता तर लिहावं लागलं असतं. शेवटचं पाहिलं तेव्हाही त्यांच्या गळ्यात ओढणी नव्हती. कॉलेजात म्हणायचे, बेन एवढ्याशा गोष्टीने फारच घाबरून गेल्या, आता प्रत्येक नमुना तीनदा धुतात.

चूल आठ-दहा वर्षं टिकली. बायको अजून म्हणते, तिच्यासारखी आच दुसऱ्या कुठल्याच चुलीला लागली नाही. गोळा माझ्याकडे आहे, तंबाखूच्या डबीत. सुकून फिकट झाला आहे, पण ओल्या बोटाने पुसला की खरा शेड अजून वर येतो.

त्या दिवशी वाटेत घोकलेली वाक्यं मी विसरलो नाही. काही मागाहून वाढवली, एवढंच. ती अशी होती:

बेन, दोरा तुमचा नव्हता. तुमच्या ओढणीचा रंग वेगळा होता, मला दिसत होतं. गाळणं माझं होतं, माती मी बनवली, नऊ रेघा मी ओढल्या. पण पाइपातून वर आली ती माती खरी होती. सगळीकडे दुष्काळ होता आणि तिथे तळं होतं, बेन. तुम्ही बरोबर वाचलं होतं. ओढणी परत घाला. मला माफ करजो.